रॉकेल लागलेले संत

जरीपटका, नागपूर
९ जानेवारी २०२५, गुरुवार

ताई,

फाडायचं असेल तर पत्र फाड, पण आधी दुसरं पान वाच. पहिल्या पानावर मी नेहमीसारखा भटकणार हे तुला माहीतच आहे.

पत्ता मावशीच्या मेघाकडून घेतला. ती सरळ देईना. "दीप्तीताईनं सांगितलं हाये, रोहितले द्यायचा नाही." मी म्हटलं, बाई, फोन तिने ब्लॉक केला, नवीन सिमचाही केला, आता पत्र तरी टाकू दे, दारात येऊन उभा राहणार नाही. तेव्हा दिला. इंदूर चांगलं आहे म्हणतात. तुझ्या शाळेतली पोरं चित्रकलेच्या तासाला गोंधळ घालतात की गप बसतात? मी असतो तर घातला असता.

दिवाळीनंतर परत आलो. मधली वर्षं सांगत बसलो तर वही लागेल. भिवापूरच्या मिरचीच्या ट्रकवर न सांगता निघालो होतो, तेव्हापासून तू बोलणं टाकलंस. त्या ट्रकमध्ये तीन दिवस शिंकलो. पुढे हैदराबाद, हुबळी, लॉकडाउनमध्ये हुबळीतच एका लॉजवर अडकलो, मग मांडववाल्यांकडे, मग कुठे कुठे. घरी अजून गेलो नाही. मी गावात आहे हे आईला माहीत नाही. इथे कौशल्याबाईच्या कारखान्यात काम करतो, वरच्या माळ्यावर झोपतो. कारखाना म्हणजे लांब खोली, चौकटीवर ताणलेलं कापड, दोन्ही बाजूंनी बसलेल्या सहा बाया आणि जरीचे रिकामे रीळ. लग्नसराई आहे, मान वर करायला वेळ नाही. माझ्याकडे खाके छापायचं काम. आईच्या हाताखाली शिकलेली एवढी एकच विद्या कामाला आली. कागदावरची नक्षी, रेषेवर सुईनं टोचलेली भोकं, खाली कापड, वरून निळीचा बोळा फिरवला की कापडावर ठिपके. आई नीळ रॉकेलमध्ये कालवायची. आता रॉकेल मिळत नाही, थिनर वापरतात. डोकं चढतं.

आता दुसरं पान.

आज सकाळी कौशल्याबाईनं माझ्यापुढे एक कागद टाकला. "लकडगंजच्या पार्टीचे बारा ब्लाउज हायेत. पाठीवर हे चाक मार." तळहाताएवढा तुकडा. जाड, तपकिरी, कडा कात्रीने कापलेली. त्यावर आरे असलेलं चाक, एक आरा मोडलेला, आणि चाकावर ठेवलेला बाईचा हात. नुसता हात. बाई कापली गेली होती. मी विचारलं, बाकीचा कुठे आहे?

"बाकीच्याचं काय लोणचं घालतं गा?" ती म्हणाली, पण गठ्ठ्यातून काढून दिला.

ताई, तीन बाबा लोक उभे होते. एकाच्या हातात चाव्या. एकाच्या हातात जाळी, आपण वांगं भाजतो तशी. तिसरा जवान, अंगात बाण घुसलेले आणि चेहरा असा शांत की जसं कोणी त्याचे केस विंचरून राहिलं. वर कमान, कमानीत पंखवाली लेकरं. सगळं लाल खडूनं आणि शाईनं काढलेलं, आणि प्रत्येक रेषेवर भोकं. चाव्यावाल्या बाबाचं तोंड निळीनं पार निळं झालेलं.

"या बाबा लोकाईले पाठीवर कोण घालन?" कौशल्याबाई म्हणाली. "पंख तेवढे कामात येतात. देवीच्या घागऱ्याले मोराचे म्हणून मारतो. चाक तं लय चालते. तुह्या मायनंच देल्ला हा गठ्ठा, डोळे गेले म्हणून."

मी हसलो. हसत हसत कागद उलटा केला. मागे जुन्या तपकिरी शाईत कुठल्या तरी परक्या भाषेतल्या दोन ओळी, आणि खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं, इंग्रजी सदतीस. साताच्या पोटावर आडवी रेघ.

असा सात आपल्या घरात एकच माणूस काढतं.

माझ्या हातून थिनरची बाटली सुटली. बाया ओरडल्या, कौशल्याबाईनं कापड उचललं, मी आधी कागद उचलला. हाच ना तो, ताई? तुझ्या चित्रकलेच्या मधुसूदन सरांच्या जुन्या कागदांची यादी करताना तू नंबर टाकलेला? हाच हरवला म्हणून सर घरी आले, आणि तू कपाट, पुस्तकं, गादीची खोळसुद्धा उलटी करून दाखवली? ह्याच्याचपायी दिल्लीला जुनी चित्रं दुरुस्त करायचं शिकायची तुझी जागा गेली? मेघानं फोनवर सांगितलं होतं, "सरांचं जुनं चित्र ताईनं चोरलं म्हणतात." मी समजलो होतो, काचेत लावलेलं रंगीत काहीतरी असेल.

सरांच्या टेबलावरून तो आईच्या गठ्ठ्यात कसा आला, देव जाणे. मी दोन्ही तुकडे उशीच्या खोळीत घालून ठेवले आहेत. बाईला म्हटलं फाटला.

रोहित

*

१४ जानेवारी, मंगळवार

ताई,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. बाहेर पतंगांची नुसती मारामारी सुरू आहे, समोरच्या गच्चीवर "ओ काट" करून एवढे बोंबलतात की बायांनी कानात कापूस घातला. मला एका पोरानं मांजा धरायला बोलावलं होतं. गेलो असतो. नाही गेलो.

"देव जाणे" लिहिलं ते खोटं होतं. देवाचा काही संबंध नाही. मी आणला.

दोन हजार एकोणीसची दिवाळी जवळ आली होती. आईनं मला सरांकडे मोराचा नवा खाका आणायला धाडलं, सर तिला नक्षी काढून द्यायचे ना, त्यासाठी. दार उघडं होतं. सर आंघोळीला. तू खाली झेरॉक्सला गेली होतीस. टेबलावर बटर पेपरच्या गुंडाळ्या होत्या आणि शेजारी हा पडला होता, उघडा. मी वाकून पाहिलं. भोकं. ताई, आपल्या घरी भोकं असलेला कागद म्हणजे दुसरं काय असतं? मला वाटलं आईचाच जुना कुठला तरी, सरांकडे दुरुस्तीला आलेला. बाबा लोक पाहून वाटलं, नाताळाची कुठली ऑर्डर असेल. सगळं एकत्र गुंडाळलं आणि सायकलच्या दांडीला रबरानं बांधलं. आईला दिलं. दुसऱ्या दिवशी मिरचीचा ट्रक निघाला.

आणि आता लिहितोच. हुबळीच्या लॉजवर एकदा, दुपारी पडल्या पडल्या, मला तो कागद आठवला होता. मेघाचं बोलणंही आठवलं. दोन्ही एकमेकांना चिकटले, एक क्षण. मी कूस बदलली आणि झोपलो. खरंच झोपलो, ताई. झोप लागली.

परवा सरांकडे गेलो. खूप म्हातारे झालेत. एका डोळ्याला दिसत नाही. मी खोळ टेबलावर ठेवली आणि तुकडे काढले. त्यांनी हात लावायच्या आधी वास घेतला.

"रॉकेल," ते म्हणाले. मग बोट भोकांवरून फिरवत राहिले. कापलेल्या कडेशी बोट आलं तसं थांबलं. "कॅथरीन कुठे आहे?"

मला कळलंच नाही कोण. मग समजलं, चाकवाली. मी चाकाचा तुकडा पुढे केला. म्हटलं, एवढीच आहे, सर. तोंड आणि अंग कुठे गेलं कौशल्याबाईलाही आठवत नाही.

मी सगळं सांगितलं. खाका समजून नेला म्हटलं. तेव्हा ते एकदम हसले, ताई, वाईट हसले. "अरे, खाकाच आहे हा! इटलीतल्या एका माणसानं साडेचारशे वर्षांपूर्वी टोचलेला. चर्चमध्ये वेदीच्या मागे मोठं चित्र लावतात. त्याच्यासाठी आधी कागदावर हे संत काढले, रेषेवर भोकं पाडली आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटली. ठिपके उमटले, त्यावर रंग. तुझी आई करते तेच." म्हणजे मी बरोबर ओळखलं होतं. फक्त कोणाचा, ते चुकलं.

त्यांच्या तरुणपणी इथे एक इटालियन पाद्री होते, तुला माहीत असेल. आजारी पडून परत जाताना त्यांनी हा सरांकडे ठेवला. माझ्या गावच्या चर्चचा आहे, कोणी मागायला आलं तर द्या, म्हणून. चाळीस वर्षांनी तिकडच्या एका बाईचं पत्र आलं, मी डिसेंबरात येते. आणि दिवाळीत कागद गेला. सर म्हणाले, "त्या बाईला मी काय कळवलं असेल, विचार कर."

मी म्हटलं, चूक माझी आहे, सर, ताईची नाही.

"बहिणीनं पढवून पाठवलंय?"

"ती माझ्याशी बोलत नाही."

"मग तर नक्कीच. पाच वर्षं मन खात असेल. धाकट्याला पुढे केलं. तू तर ट्रकवर गेला होतास, तुझं काय बिघडणार?"

"सर, आईची शप्पथ."

"शपथ घालू नकोस. पुरावा काय?"

माझ्याकडे पुरावा नव्हता. मी बोंबललो असेन थोडा. त्यांनी मला जायला सांगितलं. कागद ठेवून घेतला. मला काय वाटलं होतं माहीत आहे? मी खरं सांगीन आणि काम होऊन जाईल. खरं सांगूनही कोणी खोटं समजू शकतं, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. तुला बाविसाव्या वर्षीच कळलं असेल.

उद्या घरी जातो. आई आली पाहिजे माझ्यासोबत.

रोहित

*

१९ जानेवारी, रविवार

ताई,

सोबत सरांची चिठ्ठी आहे. आधी ती वाच, माझं नंतर.

वाचली? आता सांगतो कसं झालं.

आई बारीक झाली आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं, चष्मा जाड. दार उघडून मला पाहिलं आणि म्हणाली, "आता काहून आला गा? जेवला काय?" दोन्ही एका दमात. मी कागदाचं सांगितलं. ती खाली बसली. मग उठली, पेटीतून मेघाच्या लग्नातला तिचा स्वतःचा ब्लाउज काढला आणि म्हणाली, "चाल."

सरांचे दोन मजले चढताना तीनदा थांबली. रिक्षावाल्याशी भांडून आली होती, त्याचा दमही होता. सरांनी खुर्ची दिली, बसली नाही.

"सर, तुमच्या कागदावर निळीचा बोळा मीच फिरवला."

"तुम्ही?"

"हाव. रोहितनं आणला, म्या छापला. पोरगी मधात नाही."

सर म्हणाले, "मनकर्णाबाई, लेकरासाठी आई काहीही बोलते." तेव्हा तिनं पिशवीतून ब्लाउज काढून टेबलावर उलटा पसरला. पाठीवर चाक. सोनेरी जर, थोडी काळी पडलेली. आई म्हणाली, "एक आरा मोडका हाये पाहा. मले वाटलं टोचणाऱ्याचं चुकलं. पण खाका जसा असन तसा भरायचा, आपली अक्कल लावायची नाही, तुमीच शिकवलं. मेघाचं लग्न दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी झालं, दीप्ती आली नव्हती. फोटोत तारीख हाये. तवा दीप्ती कागद लपवून बसली असती तं माह्या पाठीवर चाक कसं आलं?"

सरांनी तुकडा चाकावर ठेवला. भिंग आणलं. आरे मोजले, भोकं मोजली. "तो आरा मुद्दाम मोडलेला आहे," ते म्हणाले. "ह्या चाकावर तिला मारणार होते. चाक मोडलं." आणि तोंडावर हात ठेवून बसले. आईनं आत जाऊन पाणी आणून दिलं, जसं काही तिचंच घर आहे.

मग त्यांनी कागद मागितला आणि लिहिलं. चार ओळी लिहायला अर्धा तास. अक्षर वेडंवाकडं आहे, पण "मी तुला चोर म्हणालो, तू चोर नव्हतीस" एवढं नीट लागतं. दिल्लीच्या संस्थेलाही वेगळं लिहिणार आहेत. वयाची अट असते म्हणे, काय होईल माहीत नाही. इटलीच्या त्या बाईलाही कळवणार. कागद दुरुस्त होईल का विचारलं तर म्हणाले, "असं काम येणारी एक मुलगी माझ्याकडे होती."

आईनं तो सरांचाच नवा खाका समजून नकळत छापला, एवढंच. तिला काय माहीत. तू आता फोन उचलशील का? माझा नको उचलू. तिचा उचल.

रोहित

*

२ फेब्रुवारी, रविवार

ताई,

तुझा निरोप मेघानं काल वाचून दाखवला. एकच ओळ. "आईला केव्हा कळलं?" मेघा म्हणाली, एवढंच हाये, खाली काही नाही.

मी मागच्या पत्रात एक वाक्य गाळलं होतं. तुझ्या ते कसं लक्षात आलं, तूच जाणे. मी दारात उभा राहून आईला म्हटलं, सरांचा कागद सापडला. ती म्हणाली, "म्हणजे कौशल्यानं टाकला नाही." मी कौशल्याबाईचं नावही काढलं नव्हतं. कुठला कागद, हेही तिनं विचारलं नाही. मी ऐकलं आणि पुढे बोलत गेलो. हुबळीला कूस बदलली होती तसंच.

काल तिला विचारलं. ती मिरच्यांचे देठ काढत होती. काढतच राहिली.

"सर आले त्या दिवशीच कळलं," म्हणाली. "ते म्हणे, जुना, जाड, त्याच्यावर संत लोक. सकाळीच रॉकेल चोळलं होतं त्याले."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही?

"सर पोलिसाचं नाव घेऊन राहिले होते. तुह्यावर आधीच ती चोरीच्या गाडीची भानगड होती. तुह्यावर गेलं असतं तं तू आत गेला असता. ती हुशार हाये, ती निभावून नेईन, असं वाटलं मले."

"मग जाळून का नाही टाकला?"

"कोणाचे तरी देव हायेत. जाळू कशी?"

मला वाटलं संपलं. मी उठलो. तेव्हा ती म्हणाली, मला बघून नाही, मिरच्यांना बघून, "खुर्ची होती घरात. पण मीच सरांले पेटीवर बसवलं. चादर टाकून. दीप्ती एक एक वस्तू काढून दाखवत होती, पेटीबी उघडली असती. सर बसले होते म्हणून तिनं उघडली नाही."

ताई, मी हे तीनदा लिहिलं आणि फाडलं. सर त्या कागदावरच बसले होते. तू समोर गादीची खोळ उसवत होतीस, आणि आई चहा घेऊन आली. माझ्या डोक्यात अजून बसत नाही. तिच्यावर ओरडायला तोंड कोणाचं, माझं?

आज सकाळी ती इंदूरच्या गाडीत बसली. एकटी. मी येतो म्हटलं तर नाही म्हणाली. "तू लिहू नको तिले. मीच सांगतो, तोंडानं." डब्यात बसल्यावर पिशवी मांडीवर घट्ट धरून होती. पिशवीत तिळाची वडी, लोणच्याची बरणी आणि तुझ्यासाठी शिवलेला ब्लाउज आहे, साधा, नक्षी नसलेला. मला भीती आहे की ती दारात आली की वडी काढेल, लोणचं काढेल, तुझी तब्येत विचारेल, आणि हे तिच्या तोंडून निघणारच नाही. पाच वर्षं नाही निघालं. आणि तू तिला आत घेशील, पाणी देशील, तिला काहीच माहीत नव्हतं असं समजून.

म्हणून तिचं ऐकलं नाही. हे पान लिहून झालं की मेघाला फोटो काढून पाठवतो, ती तुला पाठवेल. आई संध्याकाळी पोहोचते. स्टेशनवरून रिक्षा करेल, भाड्यावरून भांडेल, मग तुझा पत्ता विचारत येईल.

तिला माहीत होतं, ताई. दार उघडायचं की नाही, ते हे वाचून ठरव.

रोहित